सुरक्षिततेचा तक्ता

२००७ च्या पावसाळ्यात मी एका तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात एक तक्ता लावला होता. पांढऱ्या कार्डशीटवर तीन रकाने : विंडोज, मॅक आणि लिनक्स. प्रत्येकाखाली वर्षभरात जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटींचा आकडा, ठाऊक असलेल्या व्हायरसांचा आकडा आणि तळाशी लाल शाईत माझा निष्कर्ष. तो लिनक्सच्या बाजूने होता, हे सांगायला नकोच. पुस्तके आणि मासिके वाचून स्वतःच शिकलेला माणूस मी. नव्या दीक्षेचा जोर अंगात होता. कार्यकारिणीने तक्ता मान्य केला आणि वाचनालयाच्या एकुलत्या एक संगणकावर मी स्वतः डेबियन लिनक्स बसवून दिले. हा लेख म्हणजे त्या तक्त्याचे फार उशिरा केलेले परीक्षण आहे.

पहिला दोष मोजणीचा. जाहीर झालेली छिद्रे मोजली म्हणजे प्रणालीतली छिद्रे मोजली, असे मी धरून चाललो होतो. खरे तर त्या आकड्यात शोधणाऱ्यांची मेहनत आणि नोंद ठेवणाऱ्यांची शिस्त मोजली जाते. याचा धडधडीत पुरावा फार पुढे मिळाला. अशा त्रुटींची एक जागतिक नोंदवही असते. तिच्यातल्या नोंदीला सीव्हीई क्रमांक म्हणतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, देखभाल करणाऱ्यांनी स्वतःच्या त्रुटींना हे क्रमांक देण्याचे काम आपल्याकडे घेतले. कर्नलमधली जवळजवळ कोणतीही चूक कुणाच्या तरी यंत्रावर सुरक्षेची चूक ठरू शकते, ही त्यांची भूमिका. त्यामुळे क्रमांक सढळ हाताने दिले जाऊ लागले, आणि वर्षाला काही शे असणारा आकडा त्या एका वर्षात तीन हजारांच्या वर गेला. माझी पद्धत लावली तर लिनक्स एकाएकी कित्येक पटींनी असुरक्षित झाले! अजूनही वर्षअखेरीस असे तक्ते छापून येतात आणि लोक ते गांभीर्याने वाचतात.

दुसरा दोष श्रद्धेचा होता. एरिक रेमंड यांनी लिनसच्या नावाने एक नियम रूढ केला : पुरेशा लोकांच्या नजरेखालून संहिता गेली की तिच्यातली कोणतीही चूक लपून राहत नाही. मी हे वाक्य व्याख्यानांत फार वापरले. पुढे सप्टेंबर २०१४ मध्ये ‘शेलशॉक’ उघडकीस आले. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘बॅश’ या आज्ञावलीतली ही चूक १९८९ पासून तिथेच बसून होती. पंचवीस वर्षे संहिता उघडी होती, जगभर वापरात होती, आणि त्या ओळींकडे कुणी नीट पाहिले नव्हते. ग्रंथालयात पुस्तक मांडणीवर असणे आणि ते कुणीतरी वाचलेले असणे यांतला फरक वाचनालयात वावरणाऱ्या माणसाला तरी कळायला हवा होता.

मोजणी सोडून गुण देण्याचा प्रयत्न माझ्याही आधी झालेला आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८३ मध्ये एक निकषपुस्तिका काढली; मुखपृष्ठाच्या रंगावरून ती ‘ऑरेंज बुक’ म्हणून ओळखली जाते. सर्वांत खाली डी, सर्वांत वर ए१. मल्टिक्स या प्रणालीला १९८५ मध्ये बी२ दर्जा मिळाला. विंडोज एनटी ३.५ ला १९९५ मध्ये सी२ मिळाला आणि त्याची जाहिरातही भरपूर झाली. मात्र तो दर्जा दिला होता नेटवर्कला न जोडलेल्या यंत्राला. म्हणजे यंत्र सुरक्षित, पण ज्या कामासाठी बहुतेकांनी ते घेतले ते काम सोडून! निकष खोटे नव्हते. परीक्षेला बसलेले यंत्र आणि टेबलावर चालणारे यंत्र वेगळे होते, इतकेच. माझ्या तक्त्यातल्या लिनक्सचीही तीच गत होती, पण ती मला दिसली नाही.

या सगळ्या दाव्यांत मला आज एकच दावा आदराने वाचावासा वाटतो. ओपनबीएसडी ही थिओ द राट यांनी १९९५ मध्ये नेटबीएसडीपासून फुटून सुरू केलेली प्रणाली. तिचे लोक वर्षानुवर्षे सांगत आले की आमच्या मूळ मांडणीत दुरून आत शिरता येईल असे एकही छिद्र सापडलेले नाही. २००२ मध्ये एक सापडले, २००७ मध्ये दुसरे. दोन्ही वेळा त्यांनी आपले घोषवाक्य बदलून तो आकडा त्यात घातला. टीकाकार म्हणतात की मूळ मांडणीत जवळजवळ काहीच चालू नसते, मग छिद्र सापडणार कुठे? टीका बरोबर आहे, पण दाव्याची ताकदही तिथेच आहे. वापरणाऱ्याने काहीही केले नाही तर काय होईल, याची जबाबदारी तो दावा घेतो. बहुतेक माणसे काहीही करत नाहीत.

याउलट विंडोज एक्सपी पाहा. २००१ मध्ये ती आली तेव्हा तिच्यात फायरवॉल होती, पण बंद. नेटवर्कवरून येणाऱ्याला उत्तर देणाऱ्या सेवा मात्र चालू. १६ जुलै २००३ ला मायक्रोसॉफ्टने अशा एका सेवेतल्या छिद्रावर दुरुस्ती दिली आणि ११ ऑगस्टला ‘ब्लास्टर’ हा कीटक त्याच छिद्रातून जगभर पसरला. पुढच्या वर्षीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये फायरवॉल आपोआप चालू झाली. तेवढ्या एका बदलाने जे साधले ते शेकडो छिद्रे बुजवूनही साधले नसते, असे माझे मत आहे. मॅकच्या रकान्यातले माझे शून्यही २०१२ मध्ये गळून पडले : जावातल्या एका छिद्रातून ‘फ्लॅशबॅक’ सहा लाखांवर मॅक यंत्रांत शिरला. मूळ दुरुस्ती फेब्रुवारीतच निघाली होती, पण अ‍ॅपलने ती मॅकसाठी एप्रिलमध्ये दिली.

आता माझे. वाचनालयापासून मी पन्नास किलोमीटरवर राहत होतो. घरून दुरुस्त्या करता याव्यात म्हणून मी त्या यंत्राला दुरून जोडण्याची सोय ठेवली आणि त्यासाठी किल्ल्यांची जोडी तयार केली. अशी किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. कुणी अंदाजाने ओळखायची म्हटले तर आयुष्य पुरायचे नाही, असे मी कार्यकारिणीला अभिमानाने सांगितले होते. इंटरनेटचे बिल मेगाबाइटवर येई, म्हणून आपोआप होणारी अद्ययावतता मी बंद करून ठेवली. महिन्यातून एकदा जाऊन करीन म्हणालो. गेलो असेन दोन-तीनदा.

मला ठाऊक नव्हते ते असे. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएलमधून काही ओळी वगळण्यात आल्या होत्या. चुका तपासणारे एक अवजार त्या ओळींबद्दल तक्रार करत होते, म्हणून चांगल्या हेतूनेच. पण किल्ली बनवताना लागणारी यादृच्छिकता त्याच ओळींतून येत होती. त्या गेल्यावर उरला फक्त चालू प्रक्रियेचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२ हजार. लुसियानो बेल्लो यांच्या हे लक्षात आले आणि मे २००८ मध्ये दुरुस्ती जाहीर झाली. शक्य त्या सगळ्या किल्ल्यांच्या याद्या लगेच तयार झाल्या. कुणीही त्या एकेक करून माझ्या दाराला लावून पाहू शकत होता.

मला हे कळले २०१० मध्ये. घरच्या संगणकावर डेबियनची नवी आवृत्ती बसवली, जुन्या सवयीने जुन्याच किल्लीने आत जाऊ लागलो, तर यंत्र ऐकेना. नोंदी उघडल्या तेव्हा माझी किल्ली काळ्या यादीत आहे असे दिसले. त्या रात्रीच मी वाचनालय गाठले आणि यंत्राची टेलिफोनची तार काढली.

कुणी आत आले होते का? सांगता येत नाही. नोंदी चार आठवड्यांच्याच राहत. आधीच्या आपोआप पुसल्या गेल्या होत्या. त्या यंत्रावर सभासदांची नावे, पत्ते, फोन होते आणि कोण काय वाचतो याची सगळी देवघेव होती. ग्रंथपाल बाईंनी विचारले, “सर, मग आता सभासदांना काय सांगायचं?” मी म्हणालो, “बाई, खरं तेच सांगू.” पत्र मीच लिहिले, कार्यकारिणीने ते पुढच्या बैठकीपर्यंत ठेवले आणि ते तसेच राहिले. मीही पाठपुरावा केला नाही. तेवढा दोष माझा.

लिनक्स वाईट असे यातून निघत नाही. मी आजही तेच वापरतो. चूक झाली, कुणाला तरी ती वाचता आली, दुरुस्ती उघडपणे निघाली. पण ती वाचनालयापर्यंत पोचली नाही, आणि माझ्या तक्त्यात तिच्या पोचण्याचा रकानाच नव्हता. ‘वॉनाक्राय’ १२ मे २०१७ ला पसरला तेव्हा त्यावरचा पॅच १४ मार्चलाच निघालेला होता. बळी पडलेली बहुसंख्य यंत्रे विंडोज ७ ची होती, म्हणजे ज्यांना तो पॅच मिळू शकत होता अशीच. दोन प्रणालींची तुलना करायची तर मी आता छिद्रांपेक्षा हे अंतर आधी पाहीन : दुरुस्ती निघाल्यापासून ती सर्वांत शेवटच्या, कुणी लक्ष न देणाऱ्या यंत्रावर बसेपर्यंतचे. बिल वाचवायला ती कुणी बंद करू शकतो का, हेही.

अर्थात यालाही उलटी बाजू आहे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या छोट्या साधनात मुद्दाम घातलेले चोरदार सापडले. ते घालणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ सभ्यपणे काम करून विश्वास मिळवला होता, आणि ते चोरदार अद्ययावततेच्याच वाटेने यंत्रांत शिरत होते. म्हणजे जो तत्परतेने नवे घेत होता तोच आधी सापडला असता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले म्हणून ते पकडले गेले. केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिले होते की संहिता वाचूनही चोरदार दिसणार नाही अशी सोय करता येते. माझ्या नव्या तक्त्यात हे कुठल्या रकान्यात लिहायचे ते मला अजून सुचलेले नाही.

वाचनालयात आज विंडोज आहे, रात्री स्वतःच अद्ययावत होणारे. जुना तक्ता मागायला गेलो होतो. बाई आता निवृत्त झाल्या आहेत. नव्या ग्रंथपालांनी तो त्या वर्षीच्या इतिवृत्ताला जोडलेला असल्याने देता येणार नाही असे सांगितले आणि मोबाइलवर फोटो काढू दिला. लाल शाई फिकी झाली आहे. खाली सही माझीच आहे.