पाळकाचा दिवस : ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

पाळकाच्या दैनंदिन जीवनाविषयी आपल्या मराठी मंडळ्यांत उपदेश पुष्कळ झाले आहेत. पुस्तके मात्र थोडी आहेत. प्रार्थनेत तत्पर असावे, शास्त्राचे वाचन सोडू नये, उपदेशाची तयारी शनिवारच्या रात्रीवर ढकलू नये, जमल्यास लेखन करावे, हे प्रत्येक दीक्षाविधीत सांगण्यात येते. परंतु सेवेचे ठिकाण नाशिकसारखे शहर असो, की आदिलाबाद जिल्ह्यातील नार्नूरसारखे सीमेवरचे गाव असो, या चार गोष्टी एकमेकींशी आणि घरच्या चुलीशी जुळवाव्यात कशा, हा प्रश्न सोमवारी सकाळी उरतोच. त्याचे प्रामाणिक उत्तर देणारा मराठीतील श्रेष्ठ ग्रंथ पाळकाने लिहिलेला नाही, पाळकाच्या पत्नीने लिहिलेला आहे. तो ग्रंथ म्हणजे लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’.

१९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची वाङ्मयीन थोरवी सर्वमान्य आहे. तथापि आपल्या मंडळ्यांत तो बहुधा धर्मांतराची कथा म्हणून वाचला जातो. १८९३ साली आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हाती ठेवलेला नवा करार, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झालेला त्यांचा बाप्तिस्मा, आणि १९०० साली लक्ष्मीबाईंचा, एवढे प्रसंग उपदेशात दाखल्यादाखल सांगितले की पुस्तक संपले असे आपण समजतो. वस्तुतः ख्रिस्ती सेवकाचे दैनंदिन जीवन तेथूनच सुरू होते, आणि त्याच भागाचे वाचन आपण घाईने करतो.

टिळकांवर दुसरेही एक प्रसिद्ध पुस्तक आहे. इंग्रज मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ साली, म्हणजे टिळकांच्या निधनानंतर चार वर्षांनी, त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. ते आदराने लिहिलेले आहे आणि टिळकांच्या भक्तीचे व देशप्रेमाचे दर्शन घडविते. परंतु चरित्रकाराला दिवाणखान्यातले टिळक दिसतात. लक्ष्मीबाईंना स्वयंपाकघराच्या दारातून दिसतात. चिरंजीव देवदत्त यांना वडिलांच्या चरित्रासाठी साधने हवी होती, म्हणून आईने आठवणी लिहाव्यात असा त्यांचा आग्रह होता. साधने म्हणून जे आले ते स्वतंत्र ग्रंथ ठरले. एका माणसाचे चरित्र लिहू जाता दोघांचे झाले, यातच या ग्रंथाचे सत्य आहे.

आता पाळकाच्या चार कामांकडे पाहू. टिळकांचे वाचन हे उपदेशाची सामग्री गोळा करण्याचे वाचन नव्हते. नवा करार वाचीत असता डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले आणि पुढे जाईनात, असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. संस्कृत काव्य व संतवाङ्मय त्यांच्या ठायी मुरलेले होते, आणि तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे ते म्हणत. त्यांचे लेखन याच वाचनातून आले. ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन, मुलांसाठी कविता आणि मंडळीसाठी गीते ही सारी एकाच टेबलावरची कामे होती. कृष्णराव सांगळे यांनी देशी चालींची व कीर्तनाची वाट त्यांच्याआधीच पाडली होती. टिळकांनी ती हमरस्ता केली. आजही ‘उपासना संगीता’त त्यांची दोनशेंहून अधिक गीते आहेत. मराठी मंडळी रविवारी जे गाते त्याचा मोठा भाग अशा घरात तयार झाला, जेथे उद्याच्या पिठाची खात्री नसे.

येथे ग्रंथाचा खरा प्रश्न उभा राहतो. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. बाजारासाठी निघालेली रक्कम वाटेत एखाद्या गरजवंताकडे जाई. दुष्काळात पोरकी झालेली मुले घरी येत; बालकवी ठोमरे यांच्यासारखा तरुण कवी येऊन घरचाच होऊन राही. लक्ष्मीबाई हे सारे इतक्या विनोदाने सांगतात की वाचक हसतो आणि पुढे जातो. माझ्या मते हा विनोदच वाचकाला चकवितो. प्रत्येक हशामागे एक हिशेब आहे, आणि तो त्यांनी एकटीने जुळविलेला आहे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात प्रेषितांनी प्रार्थनेला व वचनसेवेला वाहून घेण्याचे ठरविले, हे आपण वारंवार सांगतो. परंतु त्याच अध्यायात पंक्तीच्या व्यवस्थेसाठी सात माणसे नेमली गेली, हे सोयीस्करपणे विसरतो. टिळकांच्या घरी ते सात जण नव्हते. एकट्या लक्ष्मीबाई होत्या, आणि त्यांची नेमणूक कोणी प्रार्थनापूर्वक केलेली नव्हती. पाळकाच्या एकांताची किंमत घरातील दुसरे कोणी भरीत असते, ही गोष्ट आपल्या पाळकीय ईश्वरविज्ञानाने अद्यापि पुरतेपणी विचारात घेतलेली नाही.

यावर कोणी म्हणेल, टिळकांचा हा बेहिशेबीपणा म्हणजेच त्यांचा विश्वास होता. उद्याची चिंता न करण्याची आज्ञा त्यांनी शब्दशः पाळली. हा आक्षेप क्षुल्लक नाही. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून, बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तभक्तांचा एक ‘देवाचा दरबार’ उभारण्यास ते निघाले, ते याच वृत्तीच्या बळावर. तिच्यावाचून ते टिळक झाले नसते. परंतु स्वतःच्या उद्याची चिंता सोडणे हा विश्वास आहे. दुसऱ्याच्या उद्याची चिंता त्याला न विचारता सोडणे याला दुसरे नाव द्यावे लागेल. लक्ष्मीबाई ते नाव देत नाहीत. त्या रागावतात, भांडतात, आणि शेवटी त्यांच्या कामात सामील होतात. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पूर्णतेस नेले. ज्या स्त्रीला अक्षरओळख पतीने करून दिली, तिने पतीचे महाकाव्य पुरे करावे, हा मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील विलक्षण प्रसंग आहे.

ग्रंथाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. टिळकांच्या एकांतातील प्रार्थनेविषयी येथे मानाने फार थोडे आहे. लक्ष्मीबाईंनी जे पाहिले ते लिहिले. बंद दाराआडचे लिहिले नाही. ती उणीव ‘अभंगांजली’ने भरून काढावी. ख्रिस्ताला माऊली म्हणून हाक मारणारी ती वाणी ‘स्मृतिचित्रां’शेजारी ठेवून वाचली, तर घरात गडबड करणाऱ्या माणसाची दुसरी बाजू दिसते. दोन्ही पुस्तके एकत्र वाचल्याशिवाय टिळकांविषयी न्याय होत नाही.

उपदेशकाला या ग्रंथापासून मिळणारा आणखी एक धडा भाषेचा आहे. टिळक पंडित होते. लक्ष्मीबाई बोलल्या तशाच लिहीत. मोठमोठ्या शब्दांवाचून गहन गोष्ट कशी सांगावी, हे त्यांच्या कोणत्याही पानावरून शिकता येते. नार्नूर–उटनूरच्या डोंगराळ मुलखात याचे महत्त्व विशेष आहे. तेथे कानावर गोंडी, बंजारा बोली, मराठी आणि तेलुगू अशा भाषा एकाच बाजारात पडतात. १९४० नंतर त्याच मुलखातील मार्लवाई येथे हाइमेनडॉर्फ यांच्या प्रयत्नाने गोंड मुलांच्या शिक्षणास आरंभ झाला, तेव्हा गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत तयार करण्यात आली. ज्यांना शिकवावयाचे त्यांच्या घरच्या बोलीपासून आरंभ करावा, हे तेथील शाळेने ओळखले होते; व्यासपीठाने ते ओळखू नये हे बरे नव्हे. अशा ठिकाणी ग्रंथालय नसते, सोबती पाळक मैलोगणती दूर असतो. उपदेशाचा पहिला श्रोता आणि पहिला टीकाकार घरातच असतो. त्याला शनिवारी उपदेश ऐकवावा; जे वाक्य त्याला कळले नाही ते रविवारी मंडळीलाही कळणार नाही.

म्हणून ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ सेवेची तयारी करणाऱ्यांच्या हाती केवळ वाङ्मय म्हणून नव्हे, तर पाळकीय सेवेचा पाठ म्हणून द्यावा, आणि तो पती-पत्नींनी मिळून वाचावा. वाचताना प्रत्येक प्रकरणाशी एकच प्रश्न विचारावा : या दिवशी प्रार्थना, वाचन, लेखन व उपदेश घडला तो कोणाच्या श्रमावर? ज्या पाळकाला या प्रश्नाचे उत्तर नावानिशी देता येते आणि त्या नावाचे आभार मानता येतात, त्याच्या प्रार्थनेला त्या दिवशी एक खरा विषय मिळालेला असतो.