मालक, पाहुणे आणि हरवलेलं इतिवृत्त

मागच्या वर्षी आमच्या छोट्या गटानं दिवाळी अंकाचं काम पहिल्यांदाच ऑनलाइन वर्कस्पेसमध्ये केलं. आम्ही सात जण पाच शहरांत विखुरलेलो. व्हॉट्सअ‍ॅपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि मुद्रितं एकाच प्रवाहात वाहून जायची, त्याला सगळेच कंटाळले होते. नव्या जागेत कथा, कविता, मुद्रितशोधन, जाहिराती असे वेगवेगळे चॅनेल उघडले. अंक वेळेवर निघाला, हे आमच्याकडे पहिल्यांदाच घडलं.

महिन्याभरानं विदर्भातल्या एका लेखिकेची मेल आली. तिच्या कथेतल्या ‘वावर’चं आम्ही ‘शेत’ केलं होतं. हे कुणी आणि का ठरवलं, एवढंच तिनं विचारलं होतं. आम्ही सर्च केला. ‘वावर’ ढिगानं सापडला. त्यात कुणाचा तरी ‘मोकळा वावर’ होता, कुणाचा ‘सार्वजनिक वावर’ होता. निर्णय मात्र कुठेच नव्हता. दोघांनी खाजगी मेसेजमध्ये किंवा फोनवर तो उरकला असणार. कोणत्या दोघांनी, हेही आता कुणाला आठवेना.

आम्ही कोणतं सॉफ्टवेअर वापरत होतो याला महत्त्व नाही. चूक त्याची नव्हतीच. पण त्या मेलनंतर मी अशा सॉफ्टवेअरकडे एखाद्या संहितेसारखं पाहू लागलो. त्याची भाषा काय आहे, रचना काय आहे, ते आपल्याला कोणत्या भूमिका देतं?

या प्रकारातलं सर्वात परिचित नाव म्हणजे स्लॅक. त्याची जन्मकथा गमतीची आहे. स्ट्युअर्ट बटरफिल्ड यांची ‘टायनी स्पेक’ ही कंपनी ‘ग्लिच’ नावाचा ऑनलाइन खेळ बनवत होती. तो 2011मध्ये खुला झाला आणि पुढच्याच वर्षी बंद पडला. वेगवेगळ्या शहरांतल्या या मंडळींनी आपापसांत बोलण्यासाठी आयआरसी या 1988पासूनच्या गप्पा-व्यवस्थेला स्वतःची जोड देऊन एक साधन तयार केलं होतं. खेळ बुडाला, साधन तरलं. 2014मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं आणि 2021मध्ये सेल्सफोर्सनं सुमारे 27.7 अब्ज डॉलरला विकत घेतलं. चॅनेलच्या नावामागचं # हे चिन्ह आयआरसीचाच वारसा.

स्लॅक या नावाचा विस्तार सांगितला जातो तो असा : सगळ्या संभाषणाची आणि ज्ञानाची शोधता येणारी नोंद. माझी हरकत त्यातल्या ‘आणि’ला आहे. संभाषण साठवलं की ज्ञान आपोआप साठतं, असं तो ‘आणि’ गृहीत धरतो. आमचा ‘वावर’ याच फटीत पडला. बोलणं जवळजवळ सगळं होतं, ठरलेलं काहीच नव्हतं.

आपल्या वाचनालयांच्या आणि साहित्यसंस्थांच्या सभांत पहिला विषय ठरलेला असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. या रटाळ वाक्यावर आपण पुष्कळ हसलो आहोत. पण त्यात तीन कामं दडलेली आहेत. कुणीतरी निवडून लिहितं, बाकीचे ऐकून हरकत घेऊ शकतात, आणि मग त्याखाली सही होते. ही व्यवस्था निर्मळ होती असं मुळीच नाही. चिटणीसाची लेखणी नको तो आवाज गाळायची. खरे निर्णय जिन्यात उभ्यानं व्हायचे. तरीही जिन्यातला निर्णय कधीतरी वहीत आणावा लागे, आणि वहीखालच्या सहीला नाव असे. वर्कस्पेसमध्ये सगळंच आपोआप नोंदलं जातं, म्हणून नोंद करणं हे कुणाचंच काम उरत नाही.

भूमिकांची नावंही वाचण्यासारखी आहेत. स्लॅकमध्ये जो जागा उघडतो तो ‘प्रायमरी ओनर’ होतो. मग इतर ओनर, अ‍ॅडमिन, मेंबर आणि शेवटी गेस्ट. संपादक, चिटणीस, खजिनदार ही नावं कामावरून पडली आहेत, ही अधिकारावरून पडली आहेत. बिनपगारी चालणाऱ्या वाङ्मयीन गटात, केवळ आधी ईमेल टाकला म्हणून कुणीतरी मालक होतो आणि मालकासारखा वागूही लागतो. आमच्याकडे तो मीच होतो. कोण आत, कोण बाहेर, कोणता चॅनेल बंद, हे मी कुणालाही न विचारता ठरवत होतो. लेखिका तर पाहुणी म्हणूनही आत नव्हती. तिच्या शब्दाची चर्चा तिच्या माघारी झाली.

आणि हा मालक खरा तर भाडेकरू. स्लॅकच्या मोफत योजनेत आधी शेवटचे 10,000 मेसेज दिसत. सप्टेंबर 2022पासून ती मर्यादा 90 दिवसांची झाली. ऑगस्ट 2024पासून मोफत जागांमधला वर्षाहून जुना मजकूर पुसला जाऊ लागला. साठवणुकीला खर्च येतो आणि नियम कंपनीनं उघड सांगितले आहेत, त्यामुळे याला फसवणूक म्हणता येणार नाही. पण मग ‘सगळ्या संभाषणाची’ या शब्दांचा अर्थ तेवढाच घ्यायला हवा. कपाटातल्या वहीला वाळवी लागते, पण भाडं थकलं म्हणून तिची पानं कोरी होत नाहीत.

वर्कस्पेस सोडून पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर जावं, असं मला वाटत नाही. अंक वेळेवर निघाला तो याच चॅनेलमुळे. तरी वर्कस्पेस चालवणं म्हणजे चॅनेल उघडणं आणि परवानग्या देणं, ही समजूत अपुरी आहे. काय लक्षात ठेवायचं हे ठरवणं, हे खरं काम.

यंदा आम्ही ‘निर्णय’ नावाचा एक चॅनेल केला आहे. दर आठवड्याला पाळीपाळीनं एकजण तिथे लिहितो : काय ठरलं, कुणी ठरवलं, का, आणि विरोध कुणाचा होता. बाकीच्यांनी वाचून होकार दिला की नोंद कायम. महिन्याच्या शेवटी तिची प्रत वर्कस्पेसबाहेर ठेवतो, आणि ती लेखकांनाही मागता येते. मालक आता दोन आहेत.

लेखिकेची आम्ही माफी मागितली. वेब आवृत्तीत तिचा ‘वावर’ परत आला. ‘निर्णय’मधली पहिली नोंद त्याचीच आहे. शब्द का बदलला होता, यापुढे लिहिलं आहे : माहीत नाही.