इंग्लंडच्या न्यायसभेंतील परके शब्द

न्यायालयाचा बेलिफ समन्स घेऊन दाराशीं उभा राहिला म्हणजे घरच्या मंडळींस शब्दांची व्युत्पत्ति सुचत नाहीं, हें साहजिकच आहे. तथापि हा बेलिफ मूळचा फ्रेंच कुळांतला. नॉर्मनांच्या मागोमाग तो इंग्लंडांत रुजला आणि पुढें इंग्रजी अमलाबरोबर आमच्या तालुक्याच्या गांवीं येऊन उतरला. त्याचे भाऊबंद तिकडे कसे जमले, याविषयीं एक ठराविक कथा सांगण्यांत येते. १०६६ सालीं विल्यमनें हेस्टिंग्जची लढाई जिंकली; जितांची भाषा शेतांत राहिली व जेत्यांची न्यायासनावर बसली. स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो'मधील विदूषकानें, डुक्कर जिवंत असेतों सॅक्सन व ताटांत पडतांच नॉर्मन, असा विनोद केल्यापासून तर ही कथा सर्वतोमुखीं झाली आहे. ती इतकी सुटसुटीत आहे कीं, तेवढ्यानेंच तिचा संशय यावा.

मेटलंडनें तो घेतला. पोलॉकच्या सहकार्यानें १८९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी कायद्याच्या इतिहासांत त्यानें या प्रश्नास जीं थोडीं पानें दिलीं आहेत, तीं कायद्याशीं संबंध नसलेल्या रसिकानेंही वाचावीं अशीं आहेत. विल्यमचीं आरंभींचीं आज्ञापत्रें इंग्रजींत आहेत. तिची जागा पुढें घेतली ती लॅटिननें, फ्रेंचनें नव्हे. फ्रेंच वर आली ती सावकाश. दुसऱ्या हेन्रीच्या काळापासून (११५४–११८९) राजाचें न्यायालय बळावत गेलें, तेराव्या शतकांत वकिली हाच धंदा करणारा वर्ग निपजला, आणि वादविवादाचें हत्यार म्हणून त्या वर्गानें ही भाषा घासूनपुसून धारदार केली. १२७५ चा वेस्टमिन्स्टरचा कायदा फ्रेंचमध्यें आहे. हेस्टिंग्जला तेव्हां दोनशें नऊ वर्षें होऊन गेलीं होतीं.

करार, कर्ज, वारस, तारण, गुन्हा, तुरुंग या सर्वांचे इंग्रजी शब्द फ्रेंच, असें दाखवून मेटलंड म्हणतो कीं, अस्सल इंग्रजी संस्था पाहावयाची तर फांसाच्या खांबापर्यंत चालत गेलें पाहिजे. वाक्य चटकदार खरें, पण आमच्या मतें येथें त्याचा तोल किंचित् गेला. ओथ, विटनेस, गिल्ट, थेफ्ट हे शब्द सॅक्सनच आहेत. शेरिफ हा 'शायर'चा 'रीव्ह', म्हणजे परगण्याचा कारभारी, विल्यमच्या पूर्वींचा. आणि खुद्द 'लॉ' हा शब्द डेन लोकांच्या बोलींतून आलेला. शपथ घेणें, साक्ष देणें हीं कामें गांवकऱ्यास स्वतःच्या तोंडानें करावीं लागत, त्यांचीं नांवें टिकलीं. जीं पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घ्यावीं लागत, त्यांचीं बदललीं, असें आम्हांस वाटतें. चोरीस लोक 'थेफ्ट' म्हणत, वकील 'लार्सनी' लिहीत.

'मर्डर' या शब्दाची हकीकत याहून बोलकी आहे. मूळ शब्द इंग्रजी. नॉर्मन राजांनीं त्याचें लॅटिन करून 'मर्ड्रम' नांवाचा दंड बसविला. प्रेत सांपडलें, मारेकरी हातीं लागला नाहीं, आणि मृत मनुष्य इंग्रज असल्याचें सिद्ध झालें नाहीं, तर तो नॉर्मन धरून सबंध 'हंड्रेड'नें, म्हणजे आसपासच्या गांवांच्या गटानें, दंड भरावयाचा. ११७९ च्या सुमारास रिचर्ड फिट्झनील आपल्या एक्स्चेकरविषयक संवादांत सांगतो कीं, परस्परांतील बेटीव्यवहारामुळें स्वतंत्र लोकांपैकीं इंग्रज कोण व नॉर्मन कोण, हें ओळखणें कठीण झालें आहे. दंड मात्र १३४० पर्यंत रद्द झाला नाहीं. भेद मेला, वसुली जिवंत! सरकारी खात्यांचा हा स्वभाव आम्हांसही अनोळखी नाहीं.

त्या 'एक्स्चेकर'चें नांवही मौजेचें आहे. शेरिफ वर्षांतून दोनदां हिशेब देण्यास येई, तेव्हां मेजावर चौकड्यांचें कापड अंथरून त्यावर सोंगट्या मांडून रकमा मोजीत. तें बुद्धिबळाच्या पटासारखें दिसे, म्हणून सबंध खात्यास पटाचें नांव पडलें. त्या शब्दाचें दूरचें मूळ फारशी 'शाह'. आमच्या बुद्धिबळांतला 'शह' तोच.

एकच गोष्ट दोन शब्दांनीं सांगण्याची कायद्याची खोड, उदाहरणार्थ 'विल' आणि 'टेस्टमेंट', 'गुड्स' आणि 'चॅटल्स', दोन्ही जमातींस कळावें म्हणून जडली असें सांगतात. कांहीं जोड्यांना तें लागू पडेल. पण 'हॅव' व 'होल्ड' दोन्ही इंग्रजी, 'नल' व 'व्हॉइड' दोन्ही फ्रेंच. तेथें दुभाष्याची गरज कोणास होती? कानाला गोड लागणें आणि पळवाट बुजविणें, हीं कारणें अधिक खरीं दिसतात.

शब्दांची मोजदाद करून पारतंत्र्याचें माप काढण्याची हौस आमच्याकडेही आहे, म्हणून एवढें लिहिलें. शिवाजीमहाराजांच्या राजवटींत राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, फारशी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द मिळाले. तरी फिर्याद, वकील, जामीन, दप्तर हे मराठी कचेरींतून हलले नाहींत. इंग्लंडांत १३६२ सालीं पार्लमेंटनें कायदा केला कीं, फ्रेंच भाषा जनतेस कळत नाहीं, सबब वाद इंग्रजींत चालवावे. तो कायदाच फ्रेंचमध्यें लिहिलेला होता! वकिलांचीं टांचणें पुढें तीनशें वर्षें त्याच भाषेंत, दिवसेंदिवस अधिक मोडक्या रूपांत, निघत राहिलीं. लॅटिन व फ्रेंच न्यायालयांतून कायमची काढण्याचा कायदा झाला तो १७३१ सालीं, आणि त्याचा अंमल १७३३ पासून. राजाची संमति जाहीर करतांना पार्लमेंटचा चिटणीस मात्र अजूनही नॉर्मन फ्रेंचच बोलतो.