न उच्चारलेली मागणी

आखातात राबणाऱ्या माणसाकडून घरच्यांच्या असलेल्या अपेक्षा हा मल्याळम चित्रपटाचा जुना विषय आहे. सत्यन अंतिकाड दिग्दर्शित 'वरवेल्पु' (१९८९) या शीर्षकाचा अर्थ 'स्वागत'. मुरली परततो तेव्हा भाऊ-भावजयांची लगबग पाहण्यासारखी असते. तो पुन्हा आखातात जाणार नाही हे कळताच घराचा सूर बदलतो. पैसे कोणी उघडपणे मागत नाही, आणि येथेच पटकथाकार श्रीनिवासन यांची नजर तीक्ष्ण ठरते. पुढे मुरली बस विकत घेतो, चित्रपटाचा रोख कामगार संघटनेकडे वळतो आणि नातेवाईक स्वस्तात सुटतात.

सलीम अहमद यांच्या 'पत्तेमारी'त (२०१५) ही पळवाट नाही. (कोकणकिनाऱ्यावर हाच शब्द 'फत्तेमारी' म्हणून परिचित आहे.) मम्मुट्टी यांनी साकारलेला नारायणन साठच्या दशकात गलबतातून आखात गाठतो व उभे आयुष्य तेथेच घालवतो. घरची प्रत्येक गरज, मग ते लग्नकार्य असो वा घरबांधणी, रास्तच वाटते. नाही म्हणायला जागाच उरत नाही. तथापि नारायणनला जवळजवळ निर्दोष रंगविल्यामुळे त्याच्या मौनाची चिकित्सा राहून जाते. आपले हाल तो घरी कळू देत नाही. मग घरच्यांनी हात आखडावा तरी कशाच्या आधारे?