वीस मुलांच्या शाळेचं मोजमाप

दहावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्यात चौकाचौकात फ्लेक्स लागतात. ‘शंभर टक्के निकालाची परंपरा कायम’. त्यावर संस्थाचालकांचा मोठा फोटो, मुख्याध्यापकांचा त्याहून लहान, आणि कोपऱ्यात तिकिटाएवढे पहिल्या तिघांचे चेहरे. जिल्हा परिषदेच्या हायस्कुलाला फ्लेक्ससाठी पैसे नसतात, तिथला आकडा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतो. शंभर असेल तर फुलांच्या इमोजी येतात, ऐंशी असेल तर ‘सरकारी शाळांचं काही खरं नाही’ हे वाक्य.

हा आकडा वाचायचा कसा, एवढाच या लेखाचा विषय आहे. तो किरकोळ नाही. या आकड्यावर पालक मुलं काढून घेतात, पट घसरतो, संचमान्यतेत शिक्षकांची पदं कमी होतात, आणि मग उरलेले पालकही दाखले मागायला येतात. 15 मार्च 2024च्या शासन निर्णयाने पदांचे निकष बदलल्यापासून लहान शाळांना ही धास्ती जास्तच आहे. माझ्या धाकट्या भावाची मुलगी यंदा आठवीत जाते आहे. तिला गावातल्या जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात घालायचं की रोज एसटीने तालुक्याला पाठवायचं, हे त्याला ठरवायचं आहे. ‘दादा, शाळा चांगली आहे का तेवढं सांग’, असं तो म्हणाला. उत्तर देण्यासाठी आधी चांगली म्हणजे काय, हे ठरवावं लागतं.

निकालापासून सुरुवात करू. 2018 साली राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के लागला. 2019 साली तो 77.10 टक्क्यांवर आला आणि 2020 साली थेट 95.30 टक्क्यांवर गेला. त्या दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या शाळा आधी बिघडल्या आणि मग सुधारल्या असं कुणीही म्हणणार नाही. 2019च्या परीक्षेला अभ्यासक्रम नवा होता आणि भाषांच्या तोंडी परीक्षेचे शाळेच्या हातातले 20 गुण बंद केले होते. पुढच्या वर्षी ते परत आले. 2021 साली तर परीक्षाच झाली नाही, शाळांनी दिलेल्या गुणांवर निकाल लागला, तो 99.95 टक्के. शिकवणं तेच, मुलं तशीच, बदलला तो नियम. जो आकडा नियमाच्या एका ओळीने अठरा टक्के वर जाऊ शकतो, त्यावरून शिक्षकाची लायकी ठरवणं म्हणजे तराजूचं वजन बदलून धान्याला दोष देण्यासारखं आहे.

लहान शाळेच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. ती साध्या गणिताची आहे, पण फ्लेक्सवर कधीच येत नाही. समजा, राज्यातल्या प्रत्येक शाळेचा दर्जा अगदी सारखा आहे आणि कुठल्याही मुलाची पास होण्याची शक्यता शंभरात 94 आहे. दहावीत 20 मुलं असलेल्या शाळेत सगळीच्या सगळी पास होण्याची शक्यता शंभरात 29 येते. म्हणजे काहीही विशेष न करता दर तीन-साडेतीन वर्षांत एकदा ‘शंभर टक्के’. त्याच शाळेत दर आठ-नऊ वर्षांत एकदा तीन किंवा जास्त मुलं नापास होतील आणि निकाल 85च्या आत येईल, त्यातही कुणाचा दोष नसेल. तालुक्याच्या 200 मुलांच्या शाळेत मात्र सगळी पास होण्याची शक्यता दहा लाखांत चार इतकी नगण्य. म्हणून जिल्ह्याच्या यादीत अगदी वर आणि अगदी खाली लहान शाळाच दिसतात. अमेरिकेत हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने पेनसिल्व्हेनियातल्या शाळांबाबत हेच दाखवून दिलं. वरच्या यादीतल्या लहान शाळा पाहून तिथे मोठ्या शाळांचे तुकडे करण्यावर गेट्स फाउंडेशनने प्रचंड पैसा घातला होता. अशा बऱ्याच शाळांत निकाल सुधारले नाहीत, हे बिल गेट्स यांनी 2009च्या आपल्या वार्षिक पत्रात लिहिलं. आपल्याकडे उलटा खेळ चालतो. खालच्या यादीतल्या लहान शाळा दाखवून ‘लहान शाळा चालतच नाहीत’ असं सांगितलं जातं. दोन्हीकडे चूक एकच.

आणि आकडा खरा असला तरी तो कुणाचा? जी मुलं परीक्षेला बसली त्यांचा. नववीतल्या कच्च्या मुलाच्या वडिलांना बोलावून ‘याचा 17 नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा’ असा सल्ला द्यायची रीत शिक्षकी पेशातल्या कुणालाही नवी नाही. मूल बाहेरून बसतं, पास होवो की नापास, शाळेच्या निकालात धरलं जात नाही. शंभर टक्क्यांची परंपरा अशीही कायम राखता येते. ज्या शाळेने त्या मुलाला वर्गात बसवून घेतलं, ती 95 टक्क्यांची ठरते.

निकालावर भरवसा नको म्हणून सरकारने दुसरा रस्ता काढला, तो तक्त्यांचा. ‘शाळा सिद्धी’मध्ये सात क्षेत्रं आणि 46 मानकं आहेत. वर्गखोल्या, पाणी, स्वच्छतागृह, ग्रंथालय, समाजाचा सहभाग. कल्पना वाईट नाही. मुलींचं स्वच्छतागृह चालू आहे की कुलूपबंद, हा गुणवत्तेचाच प्रश्न आहे. पण स्वयंमूल्यमापन शाळेनेच भरायचं असतं. लहान शाळेत ते भरतो तोच शिक्षक, जो गणित आणि विज्ञान दोन्ही शिकवतो. तो तक्ता भरत असतो तेव्हा वर्ग रिकामा असतो, आणि रिकाम्या वर्गाची नोंद करायला तक्त्यात जागा नाही.

तिसरी मोजपट्टी आमच्यासारख्या माजी विद्यार्थ्यांची, आणि ती सगळ्यात कुचकामी आहे. ‘आमच्या वेळी गुरुजी छडीने शिकवायचे, आम्ही घडलो’. जे घडले नाहीत ते गेट-टुगेदरला येत नाहीत. आम्ही वर्गणी काढतो, भिंती बोलक्या करतो, एलईडी टीव्ही देतो, त्याचा फोटो काढतो. गावच्या शाळेवरचं हे प्रेम खरं असतं, पण प्रेमातून शाळेची परीक्षा होत नाही. इंग्रजीला शिक्षक नसेल तर रंगवलेल्या भिंतीवरचं स्पेलिंग कुणाला शिकवणार?

मग पाहायचं काय? मी भावाला चार गोष्टी पाहायला सांगितल्या. या चारही गोष्टी कुठल्याही पालकाला शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विचारता येतात.

पहिली, दोन वर्षांपूर्वीचा आठवीचा हजेरीपट आणि यंदाचा दहावीचा. किती नावं गळली, त्यात मुली किती, आणि ती कुठे गेली. शिक्षणहक्क कायद्याचं छत्र आठवीला संपतं, गळती त्यानंतर दिसू लागते. गाव ऊसतोडीचं असेल तर दिवाळीनंतरची हजेरी वेगळी बघायची, आणि परत आलेल्या मुलांसाठी शाळा काय करते ते विचारायचं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त मास्तरांची शाळा शेवटी ओस पडते ती दुष्काळाने माणसं जगायला बाहेर पडतात म्हणून. शिकवण्याचा दोष आणि गावाचं नशीब वेगळं करून पाहिल्याशिवाय पटाचा आकडा बोलत नाही.

दुसरी, गणित आणि इंग्रजी कोण शिकवतं. कायम शिक्षक, तासिकेवरचा, की ज्याला तास मोकळा आहे तो? गेल्या तीन वर्षांत ही खुर्ची किती महिने रिकामी होती? लहान शाळेचा सगळ्यात मोठा धोका इथे आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. मोठ्या शाळेत एका शिक्षकाची बदली झाली तर दुसरा असतो. लहान शाळेत एका बदलीने एका पिढीचं बीजगणित जातं.

तिसरी, वह्या. हुशार मुलीची नको, शेवटच्या बाकावरची. निबंधावर नुसती सही आहे की चूक दुरुस्त केली आहे, दुरुस्त केलेली चूक पुढच्या पानावर पुन्हा झाली आहे का, विज्ञानाच्या प्रयोगवहीतली निरीक्षणं सगळ्यांची शब्दशः सारखी आहेत का. आठवीत आलेल्या, नीट वाचता न येणाऱ्या मुलाला दहावीपर्यंत वाचायला शिकवणं हे हायस्कुलाचं मोठं काम आहे, आणि ते 35 टक्क्यांच्या रेषेवर कधीच उमटत नाही.

चौथी, दोन वर्षांपूर्वी दहावी झालेली मुलं आज काय करतात. अकरावीत टिकली का, आयटीआयला गेली का, मुलींची लग्नं झाली का. ज्या मुख्याध्यापकांना हे नावानिशी सांगता येतं, त्यांच्या शाळेत मुलं मोजली जातात ती माणसं म्हणून. वीस मुलांच्या शाळेत हे शक्य असतं. तिचा खरा फायदा तोच, आणि तो तिने वापरला नाही तर लहान असण्याला काही अर्थ उरत नाही.

या कसोटीवर आमच्या गावचं हायस्कूल कसं आहे? माझं मत असं. मुलं धरून ठेवण्यात ते चांगलं आहे. नववीत कुणाला बाहेर काढत नाहीत, मुली दहावीपर्यंत येतात, मुख्याध्यापकांना जुनी मुलं ठाऊक आहेत. वह्या मराठीच्या उत्तम तपासलेल्या, विज्ञानाच्या प्रयोगवह्या एकाच फळ्यावरून उतरवलेल्या. इंग्रजी कमकुवत आहे, कारण ती जागा वारंवार रिकामी राहते. तालुक्याच्या शाळेत इंग्रजी बरं आहे, पण तिथे ही मुलगी साठाच्या वर्गात बसेल, आणि पावसाळ्यात संध्याकाळची गाडी चुकली की घरचे पहिल्यांदा तिची शाळाच बंद करतील. हे मी भावाला तोंडावर सांगितलं. त्याला ते आवडलं नाही, पण त्याने नाकारलंही नाही.

म्हणून माझा सल्ला, मुलगी गावातच राहू दे, आणि भावाने समितीच्या पुढच्या सभेला जाऊन इंग्रजीच्या रिकाम्या जागेचा ठराव लेखी मांडावा. पुढच्या वर्षी निकाल शंभर लागला तरी तो ठराव मागे घेऊ नये.