ब्रीद, खत आणि तारण : भीमथडीतील अनुतापाची भाषा

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना आपल्या समीक्षेने प्रामुख्याने दोनच प्रश्न विचारले. हे लेखन प्रचारकी आहे काय, आणि धर्मांतर करणाऱ्याचा अनुभव प्रामाणिक आहे काय? पहिला प्रश्न लेखनाच्या हेतूचा शोध घेतो, दुसरा लेखकाच्या अंतःकरणाचा. दोहोंच्या मधून भाषा मात्र निसटून जाते. पश्चात्ताप आणि कृतज्ञता या दोन भाववृत्तींवर हे वाङ्मय उभे आहे, याविषयी दुमत नाही. परंतु या वृत्ती मराठीत व्यक्त होताना कोणत्या शब्दांचा आश्रय घेतात, आणि ते शब्द त्यापूर्वी कोणाच्या व्यवहारात रुळलेले होते, हे पाहिल्याखेरीज त्यांच्या वाङ्मयीन रूपाविषयी काही बोलता येणार नाही. मराठीत या दोन्ही वृत्ती ऋणव्यवहाराच्या भाषेत बोलतात. आणि ख्रिस्ती लेखनातील 'नवजीवन' जेथे वाचकाला खरे वाटते तेथे ही भाषा कोठेतरी मोडलेली असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'तारण' या शब्दापासून प्रारंभ करणे सोयीचे होईल. ख्रिस्ती मराठीत तारण म्हणजे पापापासून मुक्ती. सोसायटीच्या आणि बँकेच्या मराठीत तारण म्हणजे कर्जापोटी अडकवलेली वस्तू. पदव्युत्तर वर्गात हा शब्द आला की बारामती-इंदापूरकडच्या शेतकरी घरांतल्या मुलांना दुसराच अर्थ आधी आठवतो. एकदा एकाने विचारले, "सर, मग यात तारण कोणी ठेवायचे, देवाने की माणसाने?" वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. 'उतराई होणे', 'उपकार फेडणे', 'ऋणात राहणे' हे कृतज्ञतेचे आपले नित्याचे वाक्प्रचार घेतले तरी ते सगळे खतावणीतूनच आलेले दिसतात. मराठी माणूस आभार मानतो तेव्हा तो बाकी काढीत असतो.

या भाषेचा विचार करण्यासाठी पुणे जिल्ह्यातील जुन्या भीमथडी तालुक्याइतका सोयीचा भूभाग दुसरा नसेल. मोरोपंतांची बारामती या तालुक्यात होती. 12 मे 1875 रोजी जेथे सावकारांविरुद्धच्या दख्खनच्या दंग्याला तोंड फुटले ते सुपेही याच तालुक्यातले. पंडिता रमाबाईंचे केडगावही त्यातच. शेजारचा इंदापूर तालुका म्हणजे गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या नव्या जमीनधाऱ्याचा 1836 च्या सुमारास पहिला प्रयोग जेथे झाला तो. पर्जन्यछायेतील हा प्रदेश. नीरेचा डावा कालवा येईपर्यंत येथील कुणब्याचे वर्ष आभाळ आणि सावकार यांच्या मर्जीवर जात असे. या तीन गावांतील तीन घटनांना एका सूत्रात ओवणे काहींना ओढाताणीचे वाटेल. परंतु सूत्र भूगोलाचे नाही, शब्दांचे आहे.

मोरोपंत (1729–1794) बाबूजी नाईक बारामतीकरांच्या आश्रयाने कऱ्हेकाठी राहिले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी पृथ्वी वृत्तात 'केकावली' रचली. केका म्हणजे मोराचा टाहो. मोर कवी, मेघ ईश्वर. बारामतीच्या उन्हाळ्यात मेघाकडे पाहणे म्हणजे काय हे ज्याने अनुभवले आहे त्याला हे रूपक केवळ संस्कृत काव्यसंकेत वाटणार नाही. पंतांच्या पांडित्याविषयी इतके लिहिले गेले आहे की या साध्या गोष्टीकडे आपले दुर्लक्ष होते.

'केकावली'तील अनुताप मात्र फार निराळ्या जातीचा आहे. कवी स्वतःला पतित म्हणवतो, आपले दोष उघड करतो. पण ते दोष कोणते, कधी घडले, कोणाच्या संदर्भात घडले, हे तो सांगत नाही. सांगण्याची गरजच नसते. दोषाची कबुली येथे युक्तिवादातील पहिले विधान आहे. अजामिळ उद्धरला, गजेंद्र सोडवला, अहल्येला पाय लागला; मग माझ्याच बाबतीत विलंब का? ईश्वराचे ब्रीद पतितपावनाचे आहे, मी पतित आहे, तेव्हा ब्रीद राखणे हे त्याचे कर्तव्य ठरते. पापी येथे ऋणको राहत नाही, तो धनको होतो. ब्रीद हे देवाने लिहून दिलेले खत, आणि भक्त ते हातात धरून देवाच्या दारात बसलेला. या उलटापालटीत भक्तिकाव्याचा केवढा तरी आनंद आहे. लाडक्या मुलाने बापाशी भांडावे तशी ही भाषा आहे, आणि ती लटकी नाही. तथापि या अनुतापाला भूतकाळ नसतो. पश्चात् होणारा ताप असे या शब्दाचे रूप असूनही, ज्याच्या नंतर हा ताप झाला असे 'पूर्वी'चे काही 'केकावली'त सापडत नाही. म्हणून तिच्यात कथन नाही, आणि कथन नसल्यामुळे बरे होणेही नाही. सत्संग घडावा, मनाचा मळ जावा, अशी मागणी आहे. मागणी पूर्ण झाल्याची हकिकत नाही.

खताची दुसरी परंपरा तुकारामांची. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा महिपतींच्या चरित्रकथनामुळे मराठी मनात कायमची बसली आहे. धनकोने स्वतः खत बुडवणे आणि ऋणकोंनी ते जाळणे यांत अर्थातच महदंतर आहे. सुप्यात 1875 मध्ये जमावाने सावकारांच्या घरांतून शोधली ती खतेच. दंग्याच्या मानाने माणसांना इजा फार थोडी झाली, हे त्या काळच्या सरकारी चौकशीनेही नोंदवले. ज्या लोकांना अक्षर येत नव्हते त्यांना अक्षराचे सामर्थ्य नेमके कळलेले होते. 1879 च्या शेतकरी साहाय्य कायद्याने काही दिलासा दिला; पण कागद गेला म्हणून ऋणाची भाषा जात नाही.

आता शुभवर्तमानाकडे यावे. मत्तयाच्या पाठात प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत क्षमा मागितली आहे ती 'ऋणां'ची, आणि मराठी भाषांतरांनी हा शब्द बहुधा राखला आहे. लूकच्या सातव्या अध्यायात पाचशेचा आणि पन्नासाचा असे दोन ऋणको येतात. दोघांनाही धनी सोडतो, आणि ज्याला अधिक सोडले त्याचे प्रेम अधिक, असे येशू यजमानाला दाखवतो. त्या प्रसंगातील स्त्री एकही शब्द बोलत नाही. तिचे अश्रू पश्चात्तापाचे की कृतज्ञतेचे हे संहिता वेगळे करून सांगत नाही. सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी शुद्ध होतात, त्यांतील एकच परत फिरतो, आणि तो परका, शोमरोनी असतो. नऊ जण रोगमुक्त झालेच होते. परत आलेल्याला आणखी काही लाभते. मूळ ग्रीकमध्ये तेथे असलेल्या क्रियापदात बरे होणे आणि तारले जाणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठीत ते फुटतात: 'बरे होणे' वैद्याकडे जाते आणि 'तारण' धर्मोपदेशकाकडे. आपल्या ख्रिस्ती गद्याची अर्धी अडचण या फुटीत आहे.

बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' (1888) या अडचणीचा पहिला मोठा नमुना. 'यमुनापर्यटन' (1857) या कादंबरीपेक्षा ते आत्मचरित्र कितीतरी अधिक जिवंत आहे. शंका कशी आली, कोणते पुस्तक वाचले, कोणाशी वाद झाला, याचा क्रम पदमनजी मोठ्या चोखपणे लावतात. अनुतापाला येथे प्रथमच भूतकाळ मिळाला, तारीख मिळाली. मोरोपंतांपाशी जे नव्हते ते आले. परंतु सारे कथन निकालाकडे धावते. गतायुष्य साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केल्यासारखे वाटते, आणि एकदा निकाल लागला की त्या आयुष्याविषयी लेखकाला कुतूहल उरत नाही.

पंडिता रमाबाईंचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, आणि येथे थोडे थांबावयास हवे. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला. पण 1907 मध्ये त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या निवेदनात त्या स्पष्ट सांगतात की तेव्हा आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तो पुढे काही वर्षांनी. या लेखनाच्या शीर्षकाचा अर्थ मराठीत 'आमच्या अक्षय ठेव्याची साक्ष' असा होईल. साक्ष आणि ठेवा! खताखाली होते तीही साक्षच, आणि सावकाराच्या पेढीवर असते तीही ठेवच. बालपण आणि दुष्काळ यांविषयी रमाबाईंनी जे लिहिले आहे त्यात स्नाने, उपास, दाने यांची एक लांबलचक जमा आहे. कुटुंब उपाशी असताना पुण्य साठवले जाते. आई-वडील 1874 मध्ये जातात. खात्यावर काहीच परत येत नाही. रमाबाई हे उपरोधाने सांगत नाहीत. एखाद्या कारकुनाने वही मिटावी तसे सांगतात, आणि म्हणूनच ते अंगावर येते. त्यांचा पश्चात्ताप कोण्या एका अपकृत्याविषयीचा नाही. हिशेब ठेवण्याच्या वृत्तीविषयीचा आहे. न कमावता मिळणाऱ्या गोष्टीचा स्वीकार करणे या विदुषीला, जिने सारे काही कमावून मिळवले होते, सर्वांत अवघड गेले असले पाहिजे. निवेदनातील कृतज्ञता म्हणून पोकळ वाटत नाही. तिच्यामागे फेडण्याचा आग्रह सोडल्याची किंमत आहे.

हाच निकष केडगावच्या 1905 च्या घटनांना लावला तर मात्र वाचक अस्वस्थ होतो. 1896–97 आणि 1900 च्या दुष्काळांतून आणलेल्या मुली आणि विधवा मुक्तिसदनात होत्या. त्यांचे बरे होणे आधी अक्षरशः बरे होणे होते: पेज, कपडा, औषध, मग विणकाम, छापखाना, अक्षरओळख. जून 1905 च्या अखेरीस तेथे जे धार्मिक पुनरुज्जीवन सुरू झाले त्यात शेकडो मुलींनी मोठ्याने रडून पापांची कबुली दिली; त्याची वार्ता पुढे जगभरच्या पेंटेकॉस्टल इतिहासात गेली. येथे समीक्षकाने विचारलेच पाहिजे: दुष्काळाने आणि वैधव्याने ज्यांच्यावर अन्याय केला त्यांनी पश्चात्ताप कशाचा करायचा? आणि जिने अन्न दिले तिच्याच अंगणात व्यक्त झालेली कृतज्ञता उपकाराच्या खतापासून कितपत मोकळी असते? त्या मुलींचे रडणे खोटे होते असे मला म्हणायचे नाही. दुःखाला मोठ्याने रडण्याची परवानगी मिळणे हीच अनेकींच्या बाबतीत प्रकृतीची सुरुवात असू शकेल, आणि 'पाप' हा शब्द त्यांच्यापाशी आलेला एकमेव शब्द असेल तर त्याच शब्दाने त्या रडणार. पण आपल्या वाचनात ते रडणे येते ते बहुतांशी दुसऱ्यांच्या लेखणीतून, आणि त्या वृत्तांतांची भाषा सर्व मुलींना एकाच आवाजात रडायला लावते. रमाबाईंच्या स्वतःच्या निवेदनात जो एकटेपणा आहे, जो वर्षानुवर्षांचा संथपणा आहे, तो येथे नाही.

नारायण वामन टिळकांविषयी येथे थोडक्यात एवढेच. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भूमिका प्रसिद्धच आहे. 'अभंगांजली'त ते भक्तिपरंपरेतील ब्रीदाची भाषा पुन्हा स्वीकारतात आणि भांडणाऐवजी सख्याचा सूर लावतात. गोडवा पुष्कळ आहे. अनुतापाची नवी रचना तेथे फारशी नाही. ती आहे त्यांच्या पत्नीच्या गद्यात.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ला (1934 पासून क्रमशः प्रसिद्ध) पश्चात्तापाचे वाङ्मय म्हणणे अनेकांना विपरीत वाटेल. त्या हसवतात. पण ग्रंथाचा प्रारंभ कोठे होतो ते पाहावे: सत्तावन्नच्या उठावानंतरच्या धरपकडीत घरावर आलेला घाला आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना लागलेले सोवळ्याचे वेड. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुवून घेण्याचा तो हव्यास लक्ष्मीबाई विनोदाने रंगवतात; पण ते एका भ्यालेल्या माणसाचे आजारपण आहे, हे त्यांना पुरते कळलेले असते. धुण्याने शुद्ध होऊ पाहणारे घर ही या कथनाची पहिली प्रतिमा आहे. 1895 मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे आल्या त्या हे सोवळे बरोबर घेऊनच. वेगळा स्वयंपाक, वेगळे पाणी. मग एके वेळी विचार करता करता त्यांना उमगते की हे भेद ईश्वराचे नाहीत, माणसांनी केलेले आहेत. आणि त्यानंतर त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागतात. बाप्तिस्म्यापूर्वीची ही गोष्ट. अश्रू नाहीत, कबुली नाही, जुन्या लक्ष्मीवर खटलाही नाही. पदमनजींच्या हाती हा प्रसंग निकालपत्र झाला असता. लक्ष्मीबाई त्या जुन्या बाईकडे, तिच्या हट्टाकडे, तिच्या वेडेपणाकडे माया ठेवून पाहतात, जशा त्या वडिलांकडे पाहतात.

हीच माया टिळकांच्या वाट्याला येते. त्यांचा संताप, न सांगता घर सोडून जाणे, हातातला पैसा कोणालाही देऊन टाकणे, काहीच झाकलेले नाही. आणि कशाचीच बाकीही काढलेली नाही. असे सांगताना क्षमा केल्याचा भावही त्या आणत नाहीत, हे विशेष. क्षमा करणाऱ्याजवळही एक खत असते, ते त्याने फाडलेले असते एवढेच. लक्ष्मीबाईंच्या निवेदनात ते लिहिलेच गेलेले नाही. मराठी विधवेने पतीविषयी लिहावे आणि त्यात ऋणाचा शब्द इतका विरळ असावा, ही गोष्ट त्या काळाच्या चरित्रलेखनाशी ताडून पाहण्याजोगी आहे.

पंडिता रमाबाई 1922 मध्ये वारल्या. मूळ हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर केडगावच्या छापखान्यात तेथील स्त्रियांच्या हातून तयार होऊन 1924 मध्ये पूर्णरूपाने निघाले. जुन्या भाषांतरांतील संस्कृत शब्द हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ बरोबर ओढून आणतात, अशी त्यांची तक्रार होती, आणि शब्दांच्या निवडीवर त्यांनी अनेक वर्षे घालवली. पाप, ऋण, तारण, उपकारस्तुती यांसाठी त्यांनी कोणत्या ठिकाणी काय योजले आणि काय नाकारले याची सूची कोणी केल्यास, वर्गातल्या त्या मुलाच्या प्रश्नाकडे तपशिलाने वळता येईल. शोधनिबंधासाठी विषय शोधणाऱ्यांनी तूर्त लूकचा सातवा आणि सतरावा हे दोन अध्याय घेऊन सुरुवात करावी.