मेलरोझ मळा : नावांचा एक प्रश्न

अमेरिकेतील लुइझियाना राज्यात, केन नदीच्या काठी, मेलरोझ हा जुना कापसाचा मळा जतन केलेला आहे. १९७४ साली त्याची राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक म्हणून नोंद झाली ती मात्र 'युका मळा' या नावाने. ज्या फ्रेंच बोलणाऱ्या मेत्वाये कुटुंबाने तो वसविला, त्याने यांपैकी एकही नाव दिलेले नाही. 'मेलरोझ' हे १८८४ नंतरच्या हेन्री कुटुंबाच्या काळातले. 'युका' तर विसाव्या शतकात रूढ झालेले.

याहून बोलके नाव तेथील 'आफ्रिकन हाउस' या वास्तूचे होय. भिंतींबाहेर दूरवर झुकलेले तिचे छप्पर पाहून आफ्रिकेतील झोपडीची आठवण होते, असे सांगण्यात येते. हे नावही विसाव्या शतकातले असून, या बांधणीत फ्रेंच ग्रामीण वास्तुरीतीचा प्रभाव अभ्यासकांना दिसतो. येथे नाव आधी आले व पुरावा त्यामागून शोधण्यात आला, असे म्हणावयास हरकत नाही.

मळ्याच्या संस्थापिकेविषयीही तेच. मारी तेरेझ क्वँक्वँ (जन्म १७४२) ही गुलाम स्त्री १७७८ मध्ये मुक्त झाली. हा मळा तिनेच उभारला, ही कथा दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. गॅरी मिल्स यांनी कागदपत्रे तपासून दाखविले, की १७९६ ची ही जमीन तिचा मुलगा लुई याची. आणि तो त्या वेळी कायद्याने गुलामच होता! क्वँक्वँचा खरा पराक्रम निराळा आहे : दुसरीकडे, लहानशा जमिनीवर तिने तंबाखू पिकविली आणि आपल्या मुलांची एकेक करून सुटका विकत घेतली. पुढे तिने व तिच्या मुलांनीही गुलाम बाळगले. दंतकथेला ही बाब सोयीची नव्हती.

ज्यांच्या श्रमांवर मळा उभा राहिला, त्या गुलामांनी ही स्थळे कोणत्या शब्दांनी ओळखली, हे या नावांतून मुळीच कळत नाही. त्या दृष्टीने क्लेमेंटाइन हंटर यांची भित्तिचित्रे मोलाची. गुलामी संपल्यानंतर जन्मलेल्या या बाईंनी येथे शेतात कापूस वेचला, नंतर स्वयंपाक केला, आणि १९५५ मध्ये त्याच 'आफ्रिकन हाउस'च्या वरच्या मजल्यावर धुण्याचा दिवस, बाप्तिस्मा, अंत्ययात्रा असे मजुरांचे जीवन रंगविले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते.